दरवर्षी मोडायचं घर

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. नदीचं कार्य हा धडा आला की फळ्यावर खडूने नागमोडी नदी काढायची. वळणाच्या बाहेरच्या काठाला बाण दाखवून 'खनन' लिहायचं, आतल्या काठाला ठिपके देऊन 'संचयन'. मग डस्टरने वळणाची मान पुसायची आणि सांगायचं, "बघा, नदी आता सरळ निघाली. मागे राहिलं ते नालाकृती सरोवर." परीक्षेत हमखास दोन गुणांना येणारा प्रश्न. मुलं पाठ करायची, आकृती काढायची, गुण मिळवायची. मी स्वतः एकही नालाकृती सरोवर पाहिलेलं नव्हतं.

ते मला झांबियात, राजधानी लुसाका ते म्फुवे या विमानप्रवासात दिसलं. छोटं विमान, तासाभराचा प्रवास. खाली तपकिरी, सप्टेंबरात होरपळलेला मुलूख, आणि त्यातून वळत जाणारी लुआंग्वा नदी. तिच्या दोन्ही बाजूंना घोड्याचे नाल विखरून ठेवावेत तशी तळी. काहींत अजून पाणी चमकत होतं, काही नुसती हिरवी झाली होती, काहींचा फक्त व्रण उरला होता. माझ्या फळ्यावरची आकृती कुणीतरी जमिनीवर मैलोन्मैल काढून ठेवली होती. शेजारी बसलेल्या भाच्याचा हात मी इतका घट्ट धरला की तो म्हणाला, "मावशी, बरं वाटत नाहीये का?" मला बोलताच येईना.

भाचा लुसाकात नोकरी करतो. "निवृत्त झालीस, आता तरी ये" असं दोन वर्षं म्हणत होता. त्यालाच लुआंग्वाकाठच्या कॅम्पांचं वेड. मी जंगल थोडंफार पाहिलेलं, तेही ताडोब्याचं, जिप्सीत बसून. वाघ दिसला की पंधरा गाड्या एका वळणावर दाटीवाटीने उभ्या राहतात, ते जंगल. तिथल्या साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात आपण पायी हिंडणार आहोत आणि गवताच्या भिंतींच्या खोलीत झोपणार आहोत, हे त्याने मला तिकीट काढून झाल्यावर सांगितलं.

नदीबद्दल आधी सांगते, कारण तिथलं सगळं तिच्यामुळे आहे. लुआंग्वा झांबियाच्या ईशान्येला माफिंगा डोंगरात उगम पावते आणि सुमारे ७७० किलोमीटर वाहून झांबेझीला मिळते. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीचाच एक फाटा असलेल्या खोलगट दरीतून तिची वाट. पश्चिमेला मुचिंगाचा कडा भिंतीसारखा उभा. या एवढ्या लांबीच्या मुख्य प्रवाहावर कुठेही मोठं धरण नाही. पावसाळ्यात ती फुगते, पसरते, काठ खाते, जुनी वाट सोडून नवी धरते. नोव्हेंबर ते एप्रिल दरीतले बहुतेक रस्ते बंद असतात. तिथली माती काळी, आपल्या कापसाच्या जमिनीसारखी. भिजली की चाक धरून ठेवणारी आणि वाळली की हातभर भेगा पडणारी. वाटेत जीप थांबली तेव्हा मी त्या भेगेत बोटं घातली. थेट सोलापूरकडची जमीन.

माझ्या आईचं माहेर भीमेकाठी होतं. होतं म्हणायचं, कारण ते उजनीच्या पाण्याखाली गेलं. आई आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. त्या गावाबद्दल ती फार बोलत नाही. पण दुष्काळी साली पाणी ओसरून पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की वर्तमानपत्रातला तो फोटो कापून कपाटात ठेवते. मोकळी वाहणारी नदी म्हटलं की माझ्या मनात आधी आई येते. लुआंग्वाकाठी तसंच झालं.

म्फुवेहून जीपने तीन तासांवर आमचा कॅम्प. पूल ओलांडला की उद्यान सुरू होतं. कुंपण नाही, बऱ्याच लांबीपर्यंत नदी हीच हद्द. कॅम्प दिसण्याआधी त्याचा वास आला, वाळलेल्या गवताचा आणि लाकडाच्या धुराचा. उंच काठावर, मोठ्या झाडांच्या सावलीत सहा खोल्या. लाकडी मेढी, त्यांना बांधलेले गवताचे ताटवे, वर गवताचंच छप्पर. जमीन म्हणजे वाळूवर अंथरलेली चटई. न्हाणीघराला छत नाही. झाडाला दोरीने टांगलेल्या बादलीला खाली झारी. गरम पाणी हवं असेल तर सांगायचं, चुलीवर तापवून आणून ओततात. नदीकडच्या बाजूला भिंतच नव्हती, कमरेएवढा ताटवा तेवढा होता. पलंगावर मच्छरदाणी आणि पलंगाच्या दांडीला अडकवलेली एक शिट्टी. "रात्री काही लागलं तर बाहेर यायचं नाही, ही वाजवायची," एवढीच सूचना.

आम्हाला फिरवणारे गाईड पन्नाशीचे, दरीतल्याच कुंदा समाजाचे. मला ते पहिल्या क्षणापासून 'अमाई' म्हणू लागले. चिन्यांजा भाषेत अमाई म्हणजे आई, वडीलधाऱ्या बाईलाही तसंच म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं त्यांनी मराठीतच हाक मारली. मी त्यांना काय म्हणू असं विचारलं, तर म्हणाले, 'बाम्बो' म्हणा, म्हणजे वडील, बाबा. मग सहा दिवस मी त्यांना बाम्बो म्हणत होते आणि ते मला अमाई. दोघांच्या वयात सहा-सात वर्षांचंच अंतर असेल.

पहिल्या रात्री झोप आली नाही. भीती होतीच. अंधार पडल्यावर पाणघोडे नदीतून वर चरायला येतात हे मला माहीत होतं. त्या नदीत ते किती आहेत हे संध्याकाळी पाहिलं होतं. आटत चाललेल्या एकेका डोहात शंभर-शंभर, एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकून. पाणघोड्यांची एवढी दाटी जगात क्वचितच कुठे असेल. दिवसभर त्यांचं ते घोगरं हसणं चालू असतं. एकाने सुरू केलं की डोहामागून डोह ते पुढे पोचवत नेतात. रात्री मात्र ते गप्प. मध्यरात्रीनंतर कधीतरी माझ्या उशाशी आवाज आला. खर्रप्... खर्रप्... थोडं थांबून पुन्हा खर्रप्.

तो आवाज मला ओळखीचा होता. लहानपणी आजोळच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत झोपले की गाईच्या वैरण खाण्याचा असाच आवाज यायचा. गवत तुटतं, मग दमदार श्वास, मग पुन्हा तुटतं. पाणघोडा ओठांनी गवत कापतो, विळ्यासारखं. ताटव्याच्या फटीतून पाहिलं तर चांदणं कुठेच दिसेना, कारण फटीभर तोच होता. हात लांबवला असता तर लागला असता. दीड-दोन टनांचा प्राणी आणि माझ्यामध्ये बोटभर जाडीचं गवत. मी श्वास रोखून पडले होते. तो खात खात खोलीच्या कडेने पुढे गेला. मग मला इतकी गाढ झोप लागली की पहाटेच्या नगाऱ्यानेच जाग आली. ही झोप कुठून आली हे मला आजही नीट सांगता येत नाही. एवढं कळतं की तो शेजारी चरत होता तोपर्यंत सगळं ठीक होतं, असं माझ्या शरीराने ठरवून टाकलं होतं.

इथलं पायी फिरणं ही मोठी शिस्तीची गोष्ट आहे. पुढे बंदूकधारी वनरक्षक, त्यांच्या मागे बाम्बो, मग आम्ही पाहुणे एकामागे एक, शेवटी चहाची पेटी घेतलेला मुलगा. बोलायचं नाही. दिसलं तर टाळी नाही, चुटकी. "काहीही झालं तरी पळायचं नाही," बाम्बोंनी प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून सांगितलं. त्यांच्या हातात राखेची पुरचुंडी होती. दर पन्नास पावलांवर ते ती हलकेच झटकत. राख ज्या दिशेला उडे तिथे वारा. वाऱ्याच्या वरच्या अंगाने हत्तीजवळ जायचं नाही.

गाडीतून जंगल समोर येतं. पायी गेलं की ते पायाखाली येतं. तरसाची विष्ठा खडूसारखी पांढरी असते, कारण तो हाडं खातो. पाणघोड्याची वाट दोन चाकोऱ्यांची, बैलगाडीसारखी, मध्ये गवताची वरंबी, कारण त्याचे डावे-उजवे पाय लांब पडतात. हत्तीचं पाऊल इतकं मऊ की वाळूत त्याच्या तळव्याच्या सुरकुत्या उमटतात, आणि प्रत्येक हत्तीच्या वेगळ्या. बाम्बो तिथे बसले, बोट न लावता त्या रेषा दाखवल्या आणि म्हणाले, "पहाटेचा आहे. ठशावरून मुंग्यांची रांग गेली आहे, पण कडा अजून ढासळलेली नाही." मी आयुष्यभर नकाशावाचन शिकवलं. असं वाचन मला कुणी शिकवलं नव्हतं.

झाडांशी मात्र माझी ओळख निघाली. काठावरच्या एका मोठ्या झाडाखाली चहाला बसलो तर पायाशी शेंगा. उचलून फोडली, तर चिंच. गाभुळलेली. मी तोंडात टाकली आणि भाच्यालाही दिली. चिंच मूळची आफ्रिकेची, हे मी पुस्तकात वाचलेलं. तिच्या इंग्रजी-लॅटिन नावात मात्र 'हिंद' दडलेला आहे, कारण अरबांनी तिला हिंदची खजूर म्हटलं. आमटीत, भेळेत, सणावारी पंचामृतात इतकी मुरलेली ही चिंच, आणि तिचं माहेर इकडे. पुढे एका टेकाडावर गोरखचिंच भेटली, पाच माणसांच्या कवेत न मावणारी. वसईच्या किल्ल्यात आहेत तशीच, फक्त तिथे त्या पाहुण्या आहेत. इथे तिच्या बुंध्यावर हत्तींनी सुळ्यांनी ओरबाडून साल काढलेली होती. पाण्यासाठी, कारण खोड ओलसर असतं.

आणि विंटरथॉर्न. या झाडाचं चक्र उलटं. पावसाळ्यात पानं झाडतं आणि ऐन उन्हाळ्यात हिरवंगार होतं. सप्टेंबरात त्याच्या गुंडाळलेल्या, जर्दाळूच्या रंगाच्या शेंगा पिकून गळतात. आमचा कॅम्प त्याच झाडांच्या सावलीत, त्यामुळे दुपारी हत्ती घरात यावेत तसे यायचे. एक माहेरवाशिणीसारखी निवांत हत्तीण पिल्लाला घेऊन जेवणाच्या झोपडीपासून वीस पावलांवर शेंगा वेचत होती. सोंडेने एकेक शेंग उचलायची, झटकून वाळू काढायची, मग तोंडात. मी मोजलं, एका शेंगेला तीन झटके. पिल्लाला ते जमेना. ते वाळूसकट खायचं.

कॅम्पमध्ये कुणी हलत नव्हतं. स्वयंपाकी पातेलं हातात घेऊन तसाच उभा. ती गेल्यावर त्याने पातेलं खाली ठेवलं. त्यात न्शिमा होती. मक्याच्या पांढऱ्या पिठाची, घोटून घट्ट केलेली. तांदळाची उकड ज्याने खाल्ली आहे त्याला ती परकी वाटणार नाही. पाहुण्यांसाठी वेगळं जेवण असतं, पण मी रोज दुपारी त्यांच्यात बसून हाताने न्शिमा खाल्ली, सोबत 'रेप' नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या पालेभाजीची भाजी आणि कापेंटा. कापेंटा म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, टोमॅटो-कांद्यात परतलेली. डोळे मिटले असते तर मालवणात बसल्यासारखं वाटलं असतं.

अशा कॅम्पांची सुरुवात नॉर्मन कार यांनी केली. हत्तींच्या उपद्रवाचा बंदोबस्त करायच्या नोकरीत असलेला हा माणूस १९५० साली न्सेफू या प्रमुखांकडे गेला आणि म्हणाला, तुमच्या जमिनीचा एक भाग प्राण्यांसाठी राखा, बघायला लोक येतील, त्यांचे पैसे तुमच्या समाजाच्या तिजोरीत जातील. प्रमुखांनी ऐकलं. सहा गोल झोपड्यांचा पहिला कॅम्प उभा राहिला. त्या काळात आफ्रिकेतलं वन्यजीवन गोऱ्या शिकाऱ्यांच्या चैनीसाठी असायचं. ज्यांची जमीन, त्यांना त्यातलं काही मिळावं ही कल्पनाच नवी होती. पायी जंगल दाखवायची पद्धतही कार यांनीच इथे रुजवली. इतिहासात कार यांचं नाव पुढे राहिलं, पण मला न्सेफू प्रमुखांचं मोल तितकंच वाटतं. जमीन त्यांची होती आणि 'हो' त्यांनी म्हटलं होतं.

तरीही सगळं वाचलं नाही. १९७०-८०च्या दशकांत शिंगांसाठी आणि सुळ्यांसाठी या दरीत अखंड कत्तल झाली. हजारोंनी असलेले काळे गेंडे पुरते संपले. १९९८ साली झांबियातून गेंडा नामशेष झाल्याचं जाहीर करावं लागलं. २००३पासून उत्तरेकडच्या नॉर्थ लुआंग्वा उद्यानात ते बाहेरून आणून पुन्हा वसवले आहेत, मात्र आमच्या बाजूला एकही नाही. मी बाम्बोंना विचारलं, तुम्ही लहानपणी पाहिला होता का? "वडिलांच्या बोटाला धरून," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

हत्तींचाही दुसरा चेहरा आहे, आणि तो पाहुण्यांना दिसत नाही. नदी ओलांडून ते रात्री पलीकडच्या गावांतल्या मक्यात शिरतात. वर्षाचं धान्य एका रात्रीत जातं. लोक मिरचीचा उपाय करतात. कुंपणाच्या दोरांना मिरची फासायची, मिरचीचा धूर करायचा. बाम्बोंच्या बायकोचं शेत दोनदा गेलं आहे. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, हिशेब होता. दोडामार्गातल्या शेतकऱ्यांची केळी-पोफळी हत्तींनी मोडल्याच्या बातम्या मी वाचते. तिथला माणूस आणि हा माणूस एका बाकावर बसले तर भाषेवाचून बोलू शकतील. जंगल वाचवायची किंमत जंगलाशेजारचा माणूस देतो. आपण तिथे जाऊन पैसे मोजतो तेव्हा ते त्याच्यापर्यंत पोचतात का, हा प्रश्न प्रत्येक पाहुण्याने कॅम्प ठरवतानाच विचारावा असं मला मनापासून वाटतं. या कॅम्पमधली सगळी माणसं दरीतलीच होती.

चौथ्या दिवशी पाणघोड्यांचा डोह ओलांडून आम्ही एका उभ्या काठासमोर बसलो. दोन-अडीच पुरुष उंचीची मातीची भिंत, आणि त्या भिंतीला शेकडो भोकं. किरमिजी वेडे राघू. आपला वेडा राघू हिरवा, तारेवर एकटा-दुकटा बसणारा. हे त्याचे भाऊबंद अंगभर किरमिजी, डोक्यावर निळी-हिरवी टोपी, आणि शेकड्यांनी. ऑगस्टच्या अखेरीला ते येतात आणि काठात हातभराहून खोल बिळं कोरून अंडी घालतात. सगळा थवा एकदम उडाला की पिंजरीची मूठ हवेत उधळल्यासारखं होतं, आणि मग एकेक करून तो पुन्हा मातीला चिकटतो.

"यांना दरवर्षी नवा काठ लागतो," बाम्बो म्हणाले. नदीने पावसाळ्यात ताजा कापलेला, सरळ उभा काठ. नदी कापायची थांबली तर काठ ढासळून उतरता होतो, गवत चढतं, मग साप आणि घोरपडी बिळांपर्यंत पोचतात. मी 'खनन' म्हणून जो बाण काढत होते, त्याच्या टोकाशी ही शेकडो घरं होती. नदीच्या मोडण्यावर कुणाचं तरी बांधणं अवलंबून असतं, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नव्हतं. कारण मलाच माहीत नव्हतं.

परतताना बाम्बोंनी नदीच्या मध्याकडे हात केला. तिथे एक वठलेलं झाड पाण्यात उभं होतं. "ती आमची जेवणाची झोपडी," ते म्हणाले. चार वर्षांपूर्वी त्या झाडाखाली सगळे जेवत होते. एका पावसाळ्यात काठ गेला, पुढच्या वर्षी कॅम्प मागे सरकला. सरकणं जड नव्हतं, कारण कॅम्प तसाही दरवर्षी मोडायचाच असतो. ऑक्टोबर संपताना शेवटचे पाहुणे गेले की ताटवे सोडतात, गवत तिथेच वाळवीला राहतं. मेढी, पलंग, भांडी ट्रकवर घालून उंचावरच्या कोठारात नेतात. पाऊस सगळं धुऊन नेतो. मे महिन्यात रस्ते वाळले की येऊन पाहायचं, नदीने यंदा किती जागा ठेवली आहे. मग गावातल्या बाया नवं गवत कापून आणतात, पुरुष मेढी रोवतात.

शेवटच्या संध्याकाळी मी काठावर एकटी बसले होते. पश्चिमेला वृश्चिक कललेला, ज्येष्ठेचा तांबडा ठिपका अगदी डोळ्यात भरणारा. नैर्ऋत्येला क्षितिजालगत त्रिशंकू मावळतीला टेकलेला. पलीकडच्या वाळूवर सिंहाने एकदा दीर्घ साद घातली आणि पाणघोडेसुद्धा गप्प झाले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. फोटो दाखवले. हत्ती, सिंह पाहून तिने मान हलवली. गवताच्या खोलीचा फोटो मात्र तिने मोबाईल जवळ ओढून घेऊन बराच वेळ पाहिला.

"आमची खोप अशीच असायची," ती म्हणाली.

भीमेचं पाणी उतरलं की पात्रातल्या वाळूत खरबुजं-कलिंगडांची वाडी लावायची. राखणीला खोप घालायची, तुराट्यांचे कूड आणि वर पाचटाचं छप्पर. आजी, आई, मामा सगळे उन्हाळाभर रात्री तिथेच झोपत. मला हे कधीच माहीत नव्हतं. "आणि मिरीग लागायच्या आत मोडायची. न्हाईतर नदी नेती," आई म्हणाली. सत्तर वर्षं शहरात राहिल्यासारखी बोलणारी माझी आई एका वाक्यात भीमेकाठची झाली.

मी तिला लुआंग्वाच्या कॅम्पचं मोडणं सांगितलं. पाऊस, ट्रक, कोठार.

"मेढी न्हेत्यात ना पण वर? टाकत न्हाईत ना तिथंच?"

"नेतात गं. दरवर्षी त्याच वापरतात."

"मग बरं," आई म्हणाली, आणि पुढचा फोटो बघायला मोबाईल पुन्हा माझ्या हातात दिला.